उतरवता न येणारं शीड

(व्याख्यानाचं शब्दांकन. फळ्यावर काढलेल्या आकृत्या इथे देता आलेल्या नाहीत, म्हणून काही ठिकाणी वाक्यं थोडी वाढवली आहेत. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन शेवटी घेतले आहेत.)

आजचा विषय आहे विंग सेल. मराठीत याला रुळलेला शब्द नाही, आपण सोयीसाठी पंख-शीड म्हणू. डोळ्यासमोर चित्र आणायचं तर विमानाचा एक पंख मुळापासून काढा आणि जहाजाच्या डेकवर उभा करा. कापड नाही, घड्या नाहीत, फडफड नाही. एक उंच, जाडसर, कडक पान, आणि त्याच्यावर जहाज चालतंय.

हे बघितल्यावर पहिला प्रश्न असतो, याचा वेग किती? त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये नामिबियातल्या वॉल्विस बे इथे पॉल लार्सन यांनी 'सेलरॉकेट २' नावाची पंखाची बोट ५०० मीटर अंतरात सरासरी ६५.४५ नॉट वेगानं चालवली. ताशी १२१ किलोमीटर. पाण्यावर, इंजिनाशिवाय. वेगाचा मुद्दा इथे संपला असं धरू. मला आज दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय. कापडाचं शीड खाली उतरवता येतं, आणि पंख उतरवता येत नाही. पंख-शिडाची सगळी गोष्ट या एका अडचणीभोवती फिरते. तिथे पोचायला थोडं भौतिकशास्त्र लागेल, पण सातवी-आठवीचंच.

शीड कसं काम करतं? आपल्याला वाटतं वारा मागून ढकलतो आणि होडी पुढे जाते. वारा पाठीशी असेल तर ते खरंच आहे. पण वारा बाजूनं किंवा तिरका समोरून येत असतानाही शिडाची होडी पुढे जाते, आणि तिथे ढकलण्याचा काही संबंध उरत नाही. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा किंचित तिरका केला की हात आपोआप वर उचलला जातो. (करू नका, पण लहानपणी सगळ्यांनी केलेलं असतं.) तळव्यानं हवेचा प्रवाह खाली वळवला, म्हणून हवेनं हाताला वर लोटलं. ही लिफ्ट. त्याच वेळी हात मागेही ओढला जातो, तो ड्रॅग. विमानाचा पंख आडवा असतो म्हणून लिफ्ट वर जाते. शीड उभं असतं म्हणून लिफ्ट बाजूला जाते, आणि त्या बाजूच्या जोराचा जो भाग पुढच्या दिशेला असतो तो होडीला नेतो. उरलेला भाग होडीला आडवं सरकवायला आणि कलंडायला बघतो, त्याला पाण्याखालचा तळ आणि सुकाणू अडवतात.

आता दुसरी गोष्ट, आणि ही नीट लक्षात ठेवा. शिडाला कळतो तो खरा वारा नसतोच. वारा पडलेला असला तरी स्कूटर चालवताना तोंडावर वारा लागतो ना? तसा चालत्या जहाजाचा स्वतःचा वारा खऱ्या वाऱ्यात मिसळतो. एक मालवाहू जहाज १२ नॉटनं चाललंय आणि १६ नॉटचा वारा बरोबर बाजूनं येतोय. काटकोन त्रिकोण काढा. १२ आणि १६, म्हणजे कर्ण २०. जहाजाला २० नॉटचा वारा लागतो, आणि तो ९० अंशांतून नव्हे तर नाकापासून साधारण ५३ अंशांतून, म्हणजे तिरका समोरून येतो. याला भासमान वारा म्हणतात. आता शर्यतीची बोट घ्या. तिचा वेग ३० नॉट, बाजूचा वारा १५ नॉट. तिला लागणारा वारा नाकापासून फक्त २७ अंशांवर. जवळजवळ तोंडावरच.

लिफ्ट नेहमी या भासमान वाऱ्याला काटकोनात आणि ड्रॅग त्याच्याच दिशेनं. हिशोब मांडला तर शर्यतीच्या त्या बोटीवर एक किलो ड्रॅग दोन किलो लिफ्ट खाऊन टाकतो. मालवाहू जहाजावर एक किलो ड्रॅग पाऊण किलोच लिफ्ट खातो. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे. शर्यतवाल्याला ड्रॅग कमी हवा. मालवाल्याला लिफ्ट जास्त हवी, थोडा ड्रॅग तो सोसतो.

कापड कुठे कमी पडतं? शिडाच्या पुढे डोलकाठी असते, ती हवा गढूळ करते. कापडाचा फुगा दोऱ्यांच्या ताणावर अवलंबून, वाऱ्याच्या झोतासरशी तो बदलतो. वरचा भाग पिळवटतो, त्यामुळे खाली वारा नीट लागला तरी वर सुटतो. आणि अगदी बारीक कोनात कापड फडफडायला लागतं, त्या क्षणी लिफ्ट संपली. कडक पंखाला यातलं काहीच होत नाही. त्याची पुढची कड जाड आणि गोल असते, त्यामुळे वाऱ्याची दिशा थोडी इकडेतिकडे झाली तरी प्रवाह चिकटून राहतो.

एक अडचण मात्र विमानाला नसते. विमानाच्या पंखाची वरची बाजू कायम वर असते, म्हणून त्याला एका बाजूला फुगीर करता येतं. होडीला आज डावीकडून वारा, तासाभरानं उजवीकडून. म्हणून पंख दोन्ही बाजूंनी सारखा करावा लागतो, आणि सारख्या पंखाची लिफ्ट बेताची. मग त्याचे दोन भाग करतात. पुढचा भाग, त्यानंतर एक उभी फट, आणि मागे वळणारी झडप. विमानात खिडकीशी बसला असाल तर उतरताना पंखाच्या मागच्या कडेतून फ्लॅप बाहेर येतात ते पाहिलं असेल. तेच इथे, फक्त झडप दोन्ही बाजूंना वळते. फटीतून आलेली ताजी हवा झडपेवरचा प्रवाह सुटू देत नाही.

हे सगळं लहान बोटींवर आधी शिजलं. सी-क्लास नावाच्या कॅटामरानच्या शर्यतीत नियम साधा होता. लांबी आणि रुंदीला मर्यादा, शिडाचं क्षेत्रफळ ३०० चौरस फूट, बाकी तुमचं डोकं चालवा. अशा ढिल्या नियमांतूनच नव्या गोष्टी निघतात असं माझं मत आहे. १९७० च्या दशकापर्यंत तिथे पुरते कडक पंख आले होते. पण जगाचं लक्ष गेलं १९८८ मध्ये. सॅन डिएगोला अमेरिकाज कपची लढत होती. न्यूझीलंडवाल्यांनी नियमांत बसेल तेवढी प्रचंड एकतळी बोट आणली. अमेरिकेच्या डेनिस कॉनर यांनी उत्तर म्हणून साठ फुटी कॅटामरान उतरवली, 'स्टार्स अँड स्ट्राइप्स', आणि तिच्यावर पंख होता. तो पंख बांधला बर्ट रुटन यांच्या स्केल्ड कॉम्पोझिट्स या विमानं बनवणाऱ्या कंपनीनं. निकाल २-०. त्यानंतर कोर्टकचेऱ्या १९९० पर्यंत चालल्या. ते प्रकरण रंगतदार आहे, पण आपल्या कामाचं नाही.

२०१० ला व्हॅलेन्सियात तर सरळ प्रयोगच झाला म्हणा. एका बाजूला 'अलिंगी ५', कापडाची शिडं. दुसऱ्या बाजूला बीएमडब्ल्यू ओरॅकलची तीन तळांची बोट, आणि तिच्यावर सुमारे ६८ मीटर उंच पंख. आपलं गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर उंच आहे, त्याच्या अडीचपट. बोइंग ७४७ चा एका बाजूचा पंख साधारण ३० मीटरचा असतो. पंखवाली बोट २-० नं जिंकली. पण त्या लढतीत वाऱ्याची आणि लाटांची मर्जी सांभाळत शर्यतीचे दिवस पुढे ढकलावे लागले होते, हेही सांगायला हवं.

आता येतो माझ्या मूळ मुद्द्यावर. कोकणात शिडाच्या होडीवर वारा अंगावर यायला लागला की पहिलं काम काय? शीड उतरवा. थोडं कमी करा, नाहीतर पुरतं खाली घ्या. शिडाचा सगळ्यात मोठा गुण तो आहे. शेकडो वर्षं माणसं जिवंत परतली ती शीड चढवता येत होतं म्हणून नाही, वेळेवर उतरवता येत होतं म्हणून.

पंखाचं काय करणार? ढोबळ हिशोब सांगतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० नॉटच्या वाऱ्यात चांगला कोन धरलेल्या पंखावर दर चौरस मीटरला साधारण १० किलो जोर येतो. ३६० चौरस मीटरचा पंख असेल तर साडेतीन टन. असे चार असतील तर चौदा टन. वारा ४० नॉट झाला की छप्पन्न टन. ६० नॉटला सव्वाशे टनांच्या वर. कापड असतं तर एव्हाना खाली असतं.

यावर पहिलं उत्तर असं, की पंखाला मोकळं सोडा. देवळाच्या शिखरावरच्या पताकेसारखा तो वाऱ्याच्या दिशेत फिरेल, मग लिफ्ट शून्य आणि ड्रॅग अगदी थोडा. समुद्रावर भरपूर मोकळी जागा असेल तर हे चालतं. पण बोट धक्क्याला बांधलीय, शेजारी क्रेन उभी आहे, वारा दर मिनिटाला दिशा बदलतोय, तेव्हा तो पंख मोकळा फिरवायचा कुठे? शर्यतीच्या संघांनी यावर श्रीमंतांचं उत्तर काढलं. रोज सकाळी क्रेननं पंख बोटीवर बसवायचा, संध्याकाळी क्रेननं उतरवून शेडमध्ये ठेवायचा, आणि त्यासाठी माणसांचा ताफा बाळगायचा.

बोट उलटली की काय होतं तेही दिसलं. १६ ऑक्टोबर २०१२ रोजी सॅन फ्रान्सिस्को खाडीत ओरॅकल संघाची ७२ फुटी बोट नाक खुपसून उलटली. तिचा पंख सुमारे ४० मीटर उंच. ओहोटीच्या प्रवाहानं बोट गोल्डन गेट पुलाखालून उघड्या समुद्राकडे ओढली गेली आणि पंखाचे तुकडे झाले. हाच संघ पुढच्या वर्षी १-८ अशा पिछाडीवरून ९-८ नं जिंकला, त्यामुळे लोकांना ती जिंकल्याची गोष्ट आठवते. मला ओहोटीबरोबर जाणारा पंख आठवतो. आणि गंमत बघा, २०२१ च्या ऑकलंडच्या स्पर्धेसाठी जे नवे नियम झाले त्यांत कडक पंख काढून टाकला. त्याऐवजी फिरती डोलकाठी आणि तिच्या दोन्ही कडांना कापडाचे दोन थर. लांबून पंखासारखा आकार, पण संध्याकाळी उतरवता येतो. सगळ्यात श्रीमंत खेळानंसुद्धा शेवटी उतरणारं शीड निवडलं.

मालवाहू जहाजांची गोष्ट याहून जुनी आहे. जर्मनीत १९२० च्या दशकात अँटन फ्लेटनर यांच्या मनात आधी धातूची शिडंच होती. मग त्यांनी ती सोडून फिरते उभे सिलिंडर घेतले आणि 'बुकाऊ' जहाज १९२४ मध्ये चालवून दाखवलं. तो रोटर, पंख नव्हे, त्याच्याकडे प्रश्नोत्तरांत येऊ. मधल्या काळात तेल स्वस्त होतं म्हणून कुणाला गरज वाटली नाही. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर जपाननं १९८० मध्ये 'शिन आयतोकू मारू' नावाचा छोटा टँकर आणला, पोलादी चौकटीवर कापड ताणलेल्या, मिटणाऱ्या शिडांचा. ब्रिटनमध्ये जॉन वॉकर यांनी मागे शेपटी लावलेला, स्वतःचा कोन स्वतः धरणारा पंख १९८६ मध्ये 'अ‍ॅशिंग्टन' जहाजावर बसवला. आणि नेमकं त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले. यंत्र चालत होतं, पण हिशोब बसेना. या विषयातल्या बऱ्याच चांगल्या कल्पना समुद्रात नाही बुडाल्या, तेलाच्या भावात बुडाल्या.

आता परत दिवस आलेत, आणि या वेळी कारण फक्त तेलाचा भाव नाही. जगाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के जहाजवाहतुकीतून जातात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०२३ मध्ये २०५० च्या आसपास निव्वळ शून्याचं लक्ष्य ठरवलं, आणि २०२४ पासून युरोपच्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांना कार्बनचे पैसे मोजावे लागतात. तेल स्वस्त झालं तरी ते पैसे सुटत नाहीत. जहाजमालकाला हे बरोबर कळतं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये 'पिक्सिस ओशन' नावाचं जहाज दोन पंख घेऊन निघालं. साधारण ८० हजार टन माल नेणारं, मित्सुबिशी कॉर्पोरेशनच्या मालकीचं आणि कारगिलनं भाड्यानं घेतलेलं. पंख प्रत्येकी ३७.५ मीटर उंच, तीन भागांचे. तीन का? मघाशी म्हटलं ना, मालवाल्याला लिफ्ट जास्त हवी. ते ज्या बीएआर टेक्नॉलॉजीजनं आखले ती कंपनी अमेरिकाज कपच्या ब्रिटिश संघातूनच निघालेली आहे. सहा महिन्यांच्या वापरात सरासरी दिवसाला ३ टन इंधन वाचल्याचं कारगिलनं जाहीर केलं, चांगल्या वाऱ्यात ११ टनांपर्यंत. पण मला यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते ती पंखाच्या बुडाशी असलेली बिजागरी. हे पंख आडवे होऊन डेकवर झोपतात. वादळ आलं, पूल आला, क्रेनखाली जायचं आहे, झोपवा.

जपानी 'शोफू मारू' हे कोळसा नेणारं जहाज २०२२ चं. त्याच्या नाकाशी एकच कडक शीड आहे, सगळं उघडलं की ५३ मीटर उंच. ते झोपत नाही, जुन्या दुर्बिणीसारखं एकात एक शिरून बुटकं होतं. आणि 'कॅनोपे' हे फ्रेंच जहाज एरियान-६ रॉकेटचे भाग युरोपातून फ्रेंच गयानातल्या कुरूला नेतं. त्याच्यावर चार पंख, प्रत्येकी ३६३ चौरस मीटर. मघाचा चौदा टनांचा हिशोब त्याच मापाचा होता. हे पंख कापडाचे आहेत, चौकटीवर दोन थर, पुढचा भाग आणि मागची झडप दोन्ही कापडी, आणि ते वरून खाली गोळा होतात. ते आखणाऱ्या व्हीपीएलपी कार्यालयानंच २०१० ची ती तीन तळांची बोट आखली होती. ६८ मीटरच्या पंखाजवळ काम केलेल्यांनी मालवाहू जहाजासाठी खाली येणारा पंख काढला, हा योगायोग नसावा.

एक अपवाद सांगतो. सेलड्रोन नावाच्या माणूसविरहित बोटींवर आजही कडक, न मिटणारा पंख आहे. त्याला वॉकर यांच्यासारखीच मागे छोटी शेपटी, ती कोन सांभाळते. २०१९ मध्ये अशा एका बोटीनं १९६ दिवसांत अंटार्क्टिकाला फेरी घातली, आणि ३० सप्टेंबर २०२१ ला एक बोट सॅम चक्रीवादळाच्या आत जाऊन माहिती पाठवत राहिली. कसं जमलं? या मोहिमांसाठी पंखच आखूड केला. उतरवता येत नाही तर आधीपासूनच उतरवून ठेवल्यासारखा छोटा ठेवा. वेग गेला, पण बोट राहिली. शिवाय तिच्यावर माणूस नाही, ती उलटून परत सरळ झाली तरी कुणी बुडत नाही. माल आणि वीस-पंचवीस खलाशी नेणाऱ्या जहाजाला हे उत्तर घेता येत नाही.

प्रश्न: रोटर आणि पंख यांत चांगलं कुठलं?

रोटर म्हणजे फिरणारा खांब. तो आकाराच्या मानानं फार मोठी लिफ्ट देतो, पण ड्रॅगही बराच, आणि फिरवायला मोटार लागते. त्याचा मोठा फायदा आजच्या विषयाशी जोडलेला आहे: बटण बंद केलं की लिफ्ट संपली, उरतो नुसता खांब. पंख तिरक्या समोरच्या वाऱ्यात सरस ठरतो. मालवाहू जहाजांचे मार्ग वेगवेगळे, त्यामुळे एकाच उत्तराचा आग्रह मी धरणार नाही. डेकवर क्रेन आणि झाकणं कुठे आहेत यावरच पुष्कळदा निर्णय होतो.

प्रश्न: मग खलाशांना पुन्हा शिडाचं काम शिकावं लागणार का?

दोऱ्या ओढायला नाही. कोन धरणं, झडप वळवणं, वारा वाढला की पंख खाली घेणं हे सगळं सेन्सर आणि संगणक करतात. पण कॅप्टनला एक गोष्ट नव्यानं करावी लागते, मार्ग निवडणं. आजवर तो वादळ टाळून सरळ रेषेत जायचा. आता शंभर मैल वळसा घेतला तर चांगला बाजूचा वारा मिळेल, आणि तो वळसा इंधनाच्या हिशोबात बसतो की नाही, हे त्याला रोज बघावं लागतं. वेळेवर पोचायचा करार असेल तर वळसा घेता येत नाही, मग डेकवर पंख असून उपयोग निम्मा. त्यामुळे पंखाचा फायदा कॅप्टनइतकाच भाडेकराराच्या कागदावरही ठरतो. त्यातही बहुतेक करारांत इंधनाचे पैसे जहाज भाड्यानं घेणारा भरतो आणि पंख बसवायचा खर्च मालकावर पडतो. वाचवलेल्या तीन टनांतले किती कुणाचे, यावर सध्या दोघांत घासाघीस चालू असते.